लॉर्नाचा गुडघा

मी न लिहिलेलं माझं एक वाक्य मंगळवारी मला बसमध्ये ऐकू आलं. शाळा सुटल्यानंतरची बस. काचा आतून धुरकटलेल्या, पायाखाली बुटांबरोबर आलेल्या बर्फाचं तपकिरी पाणी, आणि माझ्या पुढच्या सीटवर दोन म्हाताऱ्या. एक गोल, एक लांबोडकी. गोल बाईने फोन हातभर लांब धरला होता आणि ती मोठ्याने वाचत होती, कारण बसमध्ये शिरल्याबरोबर लांबोडकीच्या चष्म्यावर वाफ धरली होती. "‘डोरीन, तुमचं अगदी बरोबर आहे, आणि तरीही केकची पाळी बदलायची असेल तर जिची पाळी आहे तिच्या नावावर बोट दाबून धरा. घाई असेल तर आधी चहा घ्या. आणि हो, या वेळचं पुस्तक वाचलं मी! शेवटी थोरल्याने धाकट्याला माफ करायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं. आज माझा गुडघा बर्फ सांगतोय. जपून जा. तुमची, लॉर्ना.’ ऐकलंस, इर्मा? वाचलं म्हणते!" इर्मा, म्हणजे लांबोडकी, चष्मा पुसायची थांबली. "लॉर्नाने? पुस्तक?" "लॉर्नाने." "काहीतरीच. ती कधी वाचत नाही." "अगं, तेच तर म्हणतेय ना मी!" डोरीनबाईंना असा आनंद झाला होता, की जणू उशिरा बोलायला लागलेल्या नातवाने पहिला शब्द काढला.

लॉर्ना म्हणजे मी. खरं तर मी जोरी पेनर, अकरावीत शिकते, आणि लॉर्ना ही माझ्या बाबाच्या ॲपवर लोकांच्या शंकांना उत्तरं देणारी पन्नाशीची बाई आहे, जी कुठेच नाही. पण गेली दोन वर्षं ती जे जे बोलली ते मी लिहिलं. ‘अगदी बरोबर आहे, आणि तरीही’ हे माझं. आधी चहा, हे माझं. गुडघ्याचं नंतर सांगते. बसमध्ये पहिल्यांदा मला वाटलं, लिहिलं असेल आपण, विसरलो असू. कालच्या, परवाच्या सगळ्या उत्तरांवरून मनातल्या मनात हात फिरवून आले. केकची पाळी कुठेच नव्हती. आणि लॉर्ना पुस्तक वाचत नाही, कधीच नाही, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. तरी आवाज माझाच. वाक्य कुठे थांबतं, ‘आणि हो’ कुठे येतं, शेवटी जपून जा म्हणताना हवामान कसं मध्ये आणायचं, सगळं माझं. रस्त्यात कुणीतरी आपलाच कोट घालून पुढे चाललेलं दिसावं, आणि त्याने खिशात हात घातल्यावर आपलेच हातमोजे बाहेर यावेत, तसं काहीतरी. राग नाही आला. कानशिलं गरम झाली आणि बोटं गार पडली, एवढंच. त्या दोघी वाचनालयाच्या थांब्यावर एकमेकींना धरत उतरल्या. माझा थांबा त्याच्या आधीच गेला होता.

चालत परत येताना नाकाच्या आत केस गोठत होते आणि मला उगाचच बाबाची मतं आठवत होती. मला ती पाठ आहेत. बाबा म्हणजेच कंपनी, अख्खी. आमच्या तळघरात एक टेबल, एक दिवा, कपडे वाळवायचं यंत्र, आणि बाबा. त्याचं ॲप आहे ‘फोल्ड’, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडतात त्यावरून नाव. वाचनमंडळांसाठी आहे ते. या महिन्यात कुठलं पुस्तक, कुणी निवडायचं, कुठे जमायचं, केक कुणी आणायचा. कॅनडाभर आणि खाली अमेरिकेतही मंडळं ते वापरतात. बाबा स्वतः कुठल्याच मंडळात नाही. तो मतं लिहितो. त्याचं एक पान आहे, ते त्याच्यासारखेच तळघरातले एकटे ॲपवाले वाचतात आणि एकमेकांना शाबासकी देतात. गुंतवणूकदाराचे पैसे घेतले की त्याची स्वप्नं आपल्याला पडायला लागतात. वाढणं हा काही गुण नाही, तळघरातली बुरशीही वाढते. माणूस नोकरीला घेतला की पहिली मीटिंग होते, आणि पहिली मीटिंग झाली की स्टार्टअप संपलं, उरलं ते ऑफिस. पुस्तकांबद्दल तर विचारूच नका. अर्धवट टाकलेलं पुस्तक हीच काय ती प्रामाणिक समीक्षा. शेवट वाचायची गरज नसते, लेखक दमला की शेवट येतो. लोक मंडळात पुस्तकासाठी जमत नाहीत, केकसाठी जमतात, नुसत्या केकसाठी जमायची लाज वाटते म्हणून मध्ये पुस्तक ठेवतात. आठवीत मी ही मतं स्वतःची म्हणून खपवायचे आणि मला वाटायचं की सगळे दिपले असतील. खरं म्हणजे कुणाला ऐकूच जायचं नाही, इतकं पुटपुटत बोलायचे मी तेव्हा.

आणि समाजाबद्दल त्याचं मोठं मत हे, की माणसाला उत्तर नको असतं, कुणीतरी उत्तर दिलं एवढंच हवं असतं. लॉर्ना यातून जन्मली. आधी बाबा स्वतःच्या नावाने लिहायचा: कर्ट पेनर, संस्थापक. लोक त्याच्याशी भांडायचे. संस्थापक समोर दिसला की प्रत्येकाला त्याला चार गोष्टी शिकवाव्याशा वाटतात. मग एकदा वैतागून त्याने तेच उत्तर, शब्दही न बदलता, खाली ‘लॉर्ना’ अशी सही करून पाठवलं, आणि समोरून आलं, ‘किती गोड आहात हो तुम्ही.’ असं सगळेच एकटे ॲपवाले करतात, बरं का. कुणाची मार्था आहे, कुणाचा ग्रेगरी. आपसात चौकशीही करतात. लॉर्ना कशी आहे? मार्था सुट्टीवरून आली का? बाबा वर येऊन हे मला सांगायचा आणि आम्ही हसायचो. आई तेव्हाच दूर रेजायना शहरात राहायला गेली होती. घरात हसायला मी, बाबा आणि ओमा.

ओमा म्हणजे बाबाची आई. तिचा डावा गुडघा बर्फ आदल्या दिवशी सांगायचा. टीव्हीवरच्या बाईपेक्षा बरोबर. दुपारी खिडकीजवळ बसून ती गुडघ्यावर तळहात ठेवायची, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात, आणि म्हणायची, "आज गुडघा सांगतोय." बाबा कधी वाद घालायचा नाही. ज्याचं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर उलटं मत, तो माणूस मुकाट्याने कोट चढवून बाहेर जायचा आणि इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर सॉकेटला लावून यायचा. मी नववीत असताना, डिसेंबरात, ओमा गेली. त्यानंतर बाबा तळघरात बसायचा पण उत्तरं लिहायचा नाही. पत्रं साचत गेली. एका दुपारी तो झोपला होता आणि मी त्याच्या खुर्चीत बसून सहज एक उघडलं. सॅस्काटूनची कुणी बाई होती, तिला मंडळातून एका वारलेल्या मैत्रिणीचं नाव काढायचं होतं आणि बटण सापडत नव्हतं. मी बटण सांगितलं. मग लिहिलं, तुमचं अगदी बरोबर आहे, नाव काढायला हवं, आणि तरीही नाही काढलं तरी चालतं, पाळी आपोआप पुढच्या माणसाकडे जाते. आणि हे लिहून झाल्यावर माझ्या बोटांनी पुढे लिहिलं की आज माझा गुडघा बर्फ सांगतोय. ठरवून नाही केलं मी. ओमाचा गुडघा मोकळाच होता, कुणीतरी वापरायलाच हवा होता, असं काहीतरी तेव्हा वाटलं असेल.

बाबाने उठून पाहिलं आणि म्हणाला, "बरं जमतंय तुला." त्यानंतर लॉर्ना माझी झाली. त्याने एकच अट घातली: लॉर्नाला मत नसतं. पुस्तकाबद्दल तर अजिबात नाही. बारा डोक्यांची मंडळं असतात, एकीला आवडलेलं दुसरीला नावडलेलं असतं, कशाला हात घाला? म्हणून मी प्रत्येकीला लिहायचे, ‘अजून वाचायचंय हो, शेवट सांगू नका.’ आणि गंमत म्हणजे मी सगळी वाचायचे. मंडळांनी निवडलेलं जे वाचनालयात मिळेल ते सगळं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पोटात नुसती मतं साचलेली. ती बाहेर काढायला जागा नव्हती, म्हणून ती मग दुसरीकडून बाहेर पडायला लागली. दहावीत इतिहासाच्या तासाला वीब सर काहीतरी म्हणाले आणि मी चक्क उभी राहिले. "सर, तुमचं अगदी बरोबर आहे, आणि तरीही..." सगळा वर्ग वळून बघायला लागला. आवाज माझा नव्हता, लॉर्नाचा होता, न घाबरणारा, चहा प्यालेला. पण तोंड माझं होतं. त्या दिवसापासून मला गप्प बसवावं लागतं. वादविवाद स्पर्धेत मी, शाळेच्या सभेत मी. आता मी कुठेही, कुणाशीही, कितीही वेळ बोलू शकते. आणि त्या मंगळवारी घराच्या पायऱ्या चढताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे मीच बोलत होते ना?

बाबा सॉसेज परतत होता, कानांवर हेडफोन. मी बूटसुद्धा काढले नाहीत.

"बाबा, लॉर्नाने पुस्तक कधी वाचलं?"

त्याने हेडफोन गळ्यात घेतले. "कुठल्या लॉर्नाने?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याकडे किती आहेत?"

तो तव्याकडे बघत राहिला. बाबाला खोटं बोलता येत नाही, त्याला फक्त न सांगता राहता येतं. "सध्या दोन," तो म्हणाला.

मग हळूहळू आलं सगळं. शाळा सुरू झाल्यापासून निम्मी पत्रं माझ्याकडे येत होती आणि निम्मी एआयकडे जात होती. माझी आजवरची सगळी उत्तरं त्याला शिकवायला दिली होती. पत्रं कमी झाल्याचं मला कळलं होतं. मला वाटलं, आपण इतकं छान समजावतो की लोकांना आता अडतच नाही. तसं मी बाबाला म्हटलंही होतं, आणि तो म्हणाला होता, "हं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू जास्त चांगलं लिहिलं असतंस. मग चाचणी कसली ती?"

"पण कशाला?"

"तुझं अकरावीचं वर्ष आहे. तू आयुष्यभर केकच्या पाळ्या बदलत बसणार का?" त्याने एक सॉसेज उलटवलं. "आणि कुणालाच कळलं नाही, जोरी. एकालासुद्धा नाही. तू इतकं नेटकं लिहून ठेवलंयस ना, की त्याला शिकायला त्रासच पडला नाही."

तो हसत होता. हे कौतुक होतं. बाबाच्या जगात यापेक्षा मोठं कौतुक नसतं: तू इतकी चांगली आहेस की आता तुझी गरज नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बुटांचं पाणी फरशीवर पसरत होतं आणि ते कुठवर जातंय हे मी फार लक्ष देऊन बघत होते.

"त्याने पुस्तकाबद्दल मत दिलं. लॉर्नाला मत नसतं. तूच म्हणतोस."

"दिलं?" बाबाचे डोळे चमकले. कामाच्या माणसाचे चमकतात तसे. "काय दिलं?"

"थोरल्याने धाकट्याला माफ करायला हवं होतं म्हणे."

"मग बरं आहे की. कुणालाच राग येणार नाही असं आहे."

"पण मला तसं नाही वाटत!"

"तुला कुठे वाटलं? लॉर्नाला वाटलं."

"तू वाचली आहेस का रे ती? माझी उत्तरं?"

तो थांबला. "म्हणजे चाळलीत ना."

"चाळलीत."

"अगं, ढीग आहे तो नुसता. म्हणून तर..."

अर्धवट टाकलेलं पुस्तक ही प्रामाणिक समीक्षा असेल, तर चाळलेलं पुस्तक काय असतं, हे त्याच्या पानावर कुठे लिहिलेलं नाही. मी हिशेब लावत होते. डोरीनबाईंनी आपल्या नावाची पत्रं वाचली. सॅस्काटूनच्या बाईने आपलं वाचलं. मला पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता, कुणी वाचलं असेल तर ते त्या यंत्राने. आणि वाचून त्याला जे कळलं ते हे, की माफ करायला हवं होतं.

"गुडघा काढ," मी म्हणाले.

"काय?"

"बाकी सगळं ठेव. ‘आणि तरीही’ ठेव, चहा ठेव. गुडघा त्याला द्यायचा नाही."

"कसला गुडघा?"

"लॉर्नाचा. तो ओमाचा आहे."

त्याने शेगडी बंद केली. सॉसेज एका बाजूने काळं झालं होतं. ओट्यावरचा लॅपटॉप उघडून त्याने एक शब्द टाइप केला, आणि मग त्याचं बोट नुसतं कळांवर राहिलं. आज गुडघा सांगतोय. गुडघा काल चुकला नाही. गुडघा गप्प आहे, खुशाल फिरायला जा. एकाखाली एक, दोन हिवाळ्यांचे गुडघे. तो सरकवत नव्हता, वाचत होता. मानेपासून वर लाल होत गेला.

"डावा लिहिलायस," तो म्हणाला.

"डावाच होता."

"हो. डावाच." त्याने लॅपटॉप मिटला. "काढतो." आम्ही करपलेलं सॉसेज खाल्लं. सॉरी वगैरे कुणी कुणाला म्हटलं नाही.

तो आठवडा मी काहीशी लांबून जगले. तोंड उघडायच्या आधी प्रत्येक वाक्य मला ऐकू यायचं, आणि वाटायचं, हे त्यालाही येईल. वीब सरांच्या तासाला ‘तुमचं अगदी बरोबर’पर्यंत आले आणि तशीच खाली बसले. "पेनर, आज तब्येत बरी नाही का? वर्गात शांतता आहे," सर म्हणाले, आणि पोरं हसली. तळघरात जाऊन मी दुसऱ्या लॉर्नाची उत्तरं वाचली. चांगली होती. एका ठिकाणी मी हसलेसुद्धा, आणि मग आपल्याच विनोदाला हसल्याची लाज वाटली, आणि मग तो आपला नाही हे आठवून आणखी कसंतरी झालं. तिच्यात नव्हतं असं मला एकच सापडलं. तिच्यामुळे कुणाचा चेहरा पडण्याची शक्यता नव्हती. पण तशी ती माझ्याही लॉर्नामुळे नव्हती. म्हणून तर जमलं ते. रोज सकाळी बाबा नेहमीसारखा माझा डबा भरून ओट्यावर ठेवत होता, सफरचंद वेगळं, सँडविच वेगळं, आणि मी तो न बोलता उचलत होते. त्याला राग आला नव्हता, माझा गेला नव्हता. सोमवारी मी त्या महिन्याचं पुस्तक पुन्हा काढलं, होडीवाल्या दोन भावांचं. नदीवर पूल येणार म्हणून धाकटा थोरल्याला न विचारता होडी विकून टाकतो. बाबाने ते पुलापर्यंत वाचून सोडलं होतं, कोपरा तिथेच दुमडलेला होता. शेवटचं पान मी उभ्याउभ्याच वाचलं. थोरला सकाळी उठतो, दोघांचे डबे भरतो, आणि पुस्तक संपतं.

मंगळवारी मी मुद्दाम तीच बस पकडली. दोघी होत्या, त्याच सीटवर, डोरीनबाईंच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला खसखशीचा रोल. मी मागे बसले.

"मी तिला विचारलं, गुडघा कसा आहे," डोरीनबाई म्हणत होत्या. "तर म्हणते, गुडघा अगदी ठणठणीत आहे, विचारल्याबद्दल आभारी आहे."

"ठणठणीत?" इर्माबाईंनी चष्मा काढला. "या वयात गुडघे बरे होत नाहीत, डोरीन. ती लपवतेय काहीतरी."

"तेच म्हटलं मी. आजारी असणार. म्हणून तर बिचारीने पुस्तक वाचलं. माणूस अंथरुणाला खिळल्याशिवाय वाचत नाही."

"आणि माफ करायचं म्हणते. आजारपणात सुचतं तसं."

"पण बरोबरच आहे तिचं. सख्खा भाऊ तो. शेवटी केलंच ना त्याने माफ, डबा भरला म्हणजे."

"नाही केलं," मी म्हणाले.

दोघी एकदम वळल्या. डोरीनबाईंचे गाल थंडीने लालबुंद होते. "तू ऐकतेयस होय गं आमचं?"

"तुम्ही मोठ्याने बोलता."

इर्माबाईंना हसू आलं. "हिला सगळं गाव सांगून दमलं. तू वाचलंयस का ते?"

"दोनदा. शेवट तसा नाहीये."

"मग कसा आहे?"

बसची घंटी वाजली. डोरीनबाई रोल सांभाळत उठल्या. "हा आमचा थांबा. सांगायचं असेल तर उतर, नसेल तर गप्प बस. अर्धं बोलून जायचं नाही."

मी उतरले. बाबाला कळवलं, वाचनालयात आहे, इथून ने. छोट्या खोलीत लोखंडी खुर्च्या गोल मांडल्या होत्या, आणखी चार-पाच बाया कोट काढत होत्या, आणि कॉफीचा वास नको तितका जुना होता. मला कुणी कोण, कुठली विचारलं नाही. हातात रोलचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, बोल. मला आठवतं, की मी खुर्चीत पुढे सरकले. दोन वर्षं या बायकांच्या केकच्या पाळ्या मी बदलल्या होत्या. कुणाची बहीण कधी वारली हे मला ठाऊक होतं. आणि त्यांच्यापैकी एकीनेही मला पाहिलं नव्हतं.

"त्याने माफ केलं असं कुठेच लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "डबा भरला, एवढंच लिहिलंय."

"डबा भरणं म्हणजेच माफ करणं," डोरीनबाई म्हणाल्या. "लॉर्ना तर म्हणते, त्याने तोंडानेही म्हणायला हवं होतं."

"लॉर्ना चुकली."

खोलीत कुणीतरी कप खाली ठेवला. "लॉर्ना?" इर्माबाई म्हणाल्या. "चुकली?"

"तिला कुणालाच दुखवायचं नसतं. म्हणून ती असं बोलते. थोरल्याने माफ केलं असतं तर त्याला डबा भरायची गरजच नव्हती. तो भरतो कारण केलेलं नाही. करणारही नाही कदाचित. आणि तरी..." मी थांबले. ते ‘आणि तरी’ जिभेवर इतकं सहज आलं होतं, की मी ते परत गिळलं. "आणि तो भरतो. बस. तीच गोष्ट आहे."

"अगं, तू सोळा वर्षांची," डोरीनबाई हात झटकत म्हणाल्या. "तुझं असं काय घडलंय, की तुला माफ न करण्याचं एवढं कौतुक?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत माया नव्हती, उत्सुकता होती, जशी वाद घालणाऱ्याकडे बघताना असते. लॉर्नाकडे कधी कुणी असं बघितलं नव्हतं. लॉर्नाला सगळे किती गोड आहात म्हणायचे.

"माझा बाबा रोज माझा डबा भरतो," मी म्हणाले. "आणि मी रोज तो खाते."

"मग?"

"मग काही नाही. तेच."

इर्माबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून मला नीट पाहिलं. डोरीनबाईंनी मात्र मान हलवली. "हे काही उत्तर झालं नाही. बाप-लेकीचं वेगळं, भावाभावांचं वेगळं. सांगा गं हिला कुणीतरी."

आणि इथे मला सवयीचं वाक्य म्हणायचं होतं. तोंडात तयार होतं ते, पहिला शब्द ओठांपर्यंत आला होता. तुमचं अगदी बरोबर आहे. कितीतरी दारं मी त्या वाक्याने उघडली होती. मी डोरीनबाईंच्या लाल गालांकडे पाहिलं, खसखस अडकलेल्या दातांकडे पाहिलं.

"तुमचं चुकतंय, डोरीनबाई," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला. अगदी खराखुरा पडला, आणि मी तो पाडला होता. मग त्यांनी रोल कापायची सुरी टेबलावर ठेवली, बाह्या वर केल्या, आणि मला जाणवलं की त्या मजेत आहेत. "चुकतंय? माझं? बरं. इर्मा, पान काढ शेवटचं. आज हिला सोडायची नाही."

"बाहेर कुणाची गाडी उभी आहे," खिडकीजवळची बाई म्हणाली. "बराच वेळ झाला."

मी काच पुसली. बाहेर अंधार पडला होता, बर्फ भुरभुरत होता, आणि दिव्याखाली आमची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. "माझा बाबा आहे. थांबेल तो."

"अगं, मग आत बोलाव ना. कॉफी आहे."

"नाही येणार. मंडळांबद्दल त्याची मतं आहेत."

"मतं असलेल्या माणसाला गाडीतच बसू दे," इर्माबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. बाबाने हॉर्न वाजवला नव्हता. त्याचं डोकं खाली होतं, हनुवटीवर फोनचा उजेड होता. तो वाचत होता. काय, ते इथून दिसत नव्हतं. मी थोडा वेळ त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिले. अंगठा फार सावकाश हलत होता, मधेच थांबत होता, एकदा तर पुन्हा वर गेला. म्हणजे चाळत नव्हता.

"हं," मागून डोरीनबाई म्हणाल्या. "सापडलं पान. आता बोल. माझं काय चुकतंय?"

मी खुर्ची पुढे ओढली.